इटलीच्या नकाशातलं तळं

कराडला राहत्या घरातच माझी खानावळ होती तेव्हा शेगडीसमोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. खताच्या दुकानदाराने दिलेलं. वर्ष संपल्यावर मी तारखांचे कागद फाडले, पण चित्र ठेवलं, कारण त्याच्यामागे भिंतीचा पोपडा निघाला होता. चित्रात एक तळं होतं. पलीकडे डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी पिवळी घरं, पाण्यात एक होडी. कॉलेजच्या पोरांसाठी भाकऱ्या थापताना मान वर केली की ते समोर. मला वाटायचं कुणीतरी रंगवलंय, एवढं स्वच्छ पाणी कुठे नसतं. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. खालची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून तो म्हणाला, "आई, हे खरं आहे. इटलीत आहे. मी मोठा झालो की तुला दाखवतो."

पोरं असं बोलतात. मी ते धरून बसले नव्हते. त्यानेच ते लक्षात ठेवलं, आणि गरज पडली तेव्हा बाहेर काढलं.

२०२० च्या फेब्रुवारीत मी आयर्लंडला, डब्लिनला आले. मुलगा क्लोनडॉकिनला राहतो, त्याचं ऑफिस सँट्रीला. सून तासाभरावरच्या पोर्टलीश गावच्या इस्पितळात डॉक्टर. नात चार वर्षांची. परदेशात राहणाऱ्या पोरांच्या आया तिकडे पाळीपाळीने जातात. तीन महिने मुलीची आई, मग तीन महिने मुलाची आई, व्हिसाही तेवढाच मिळतो. याला पोरं 'फिरायला बोलावणं' म्हणतात. फिरायला गेलेली बाई पहिल्याच सकाळी कुकरची शिट्टी कुठे ठेवली आहे ते शोधत असते. माझ्याआधी विहीणबाईंची पाळी झाली होती. त्यांनी भरून ठेवलेला गोडा मसाला डब्याच्या तळाशी थोडा उरला होता, तो संपायच्या आत मी पोचले.

मी येणार नव्हते. माझे गुडघे दुखतात आणि थंडी मला सोसत नाही. पण मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मे महिन्यात आपण इटलीला जाऊ. तुझं तळं बघायचंय ना?" म्हणून आले. नातीच्या ओढीने आले असं म्हटलं तर बरं दिसेल, पण तसं नव्हतं. आयुष्यभर मी जिथे गेले तिथे कुणाच्या तरी बाळंतपणाला, दुखण्याला नाहीतर मयताला गेले. नवरा असताना जेजुरीच्या पुढे गेलो नाही. एकदा नुसतं काहीतरी बघायला जावं एवढंच मनात होतं.

आले आणि महिन्याभरात सगळं बंद झालं. टीव्हीवर इटलीच दिसायची, शवपेट्या भरलेले लष्कराचे ट्रक. मुलगा घाईने चॅनेल बदलायचा, जणू मी आतापर्यंत मेलेलं माणूस पाहिलं नव्हतं. नातीची शाळा बंद. सून दोन-दोन, तीन-तीन दिवस पोर्टलीशलाच राहायची, घरी रोग आणायला नको म्हणून. मुलगा वरच्या खोलीत ऑफिसच्या कामाला, कानाला हेडफोन लावून बसलेला. सकाळपासून झोपेपर्यंत पोरगी माझ्या ताब्यात. तिला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत, तेही तिथल्या आयरिश हेलात. "अजून वरण वाढू का?" म्हटलं की म्हणायची, "आय ॲम ग्रँड, आजी." म्हणजे पुरे. मला तेवढं एक इंग्रजी पक्कं आलं.

व्हिसा संपला तो सरकारने आपणहून वाढवून दिला. अडकलेल्या सगळ्यांचाच दिला. मग अडकलेल्यांना न्यायला भारताची खास विमानं सुटायला लागली. मी मुलाला म्हटलं, "मला पाठव."

"आत्ता? अगं, विमानात केवढा धोका आहे."

"धोका तर तुझी बायको रोज घरात घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी त्याने इटलीचा मोठा नकाशा मागवला आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून चिकटवला. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात, घरात सगळे तेच म्हणायचे. दार उघडून त्याने बोट ठेवलं. "हे बघ, इथे तुझं तळं. सगळं सुरू झालं की पहिलं इथे."

त्यानंतर मी घरी जायचं नाव काढलं की ते दार उघडायचं. थंडीत काढलं, उघडलं. विहीणबाईंना यायला जमणार नाही हे कळलं तेव्हा काढलं, उघडलं. सून मनापासून म्हणायची, "आई, इतकं थांबलात, आता इटली बघूनच जा." ती वाईट नाही. पण तिची ड्युटी लागली की तळ्याच्या गोष्टी जास्त निघायच्या, एवढं मला दिसत होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. पोलीस गाड्या अडवून विचारायचे. आम्ही आपले रोज कालव्याकाठी चालत जायचो, तिथल्या जुन्या गोल बुरुजाला वळसा घालून परत. आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मिलानपासून नेपल्सपर्यंतची सहल आखायचो. मुलगा रस्ते सांगायचा, सून हॉटेलं बघायची, मी भाजी निवडायची.

सुनेला टस्कनी पाहिजे होती. टेकड्या, शेतातलं घर, द्राक्षाचे मळे. मला फोनवर फोटो दाखवला. "आई, बघा तरी, काय सुंदर मळे आहेत."

"मळे मी तासगावला बघितलेत. तिथे हॉटेल नाही, एवढंच."

मुलगा मोठ्याने हसला. त्याला नेपल्सजवळचा कॅम्पानियाचा किनारा पाहिजे होता. कड्यावरून जाणारा रस्ता, खाली समुद्र, आणि गाडी तो चालवणार. मध्ये उंब्रियातली डोंगरावरची गावं, शिवाय व्हेनिस आणि रोम, कारण लोक विचारतात. नातीला रोज पिझ्झा पाहिजे होता. सगळ्यांचं थोडं थोडं बसवताना तळं आकसत गेलं. आधी तीन रात्री होत्या, मग एक झाली. एका रविवारी मुलगा म्हणाला, "तळ्याला राहण्यापेक्षा जाता जाता थांबलो तर? दुपारचं जेवण तिथे करू, पुढे निघू."

"म्हणजे माझ्या तळ्याचा ढाबा केलास."

"अगं तसं नाही, वरच्या कोपऱ्यात आहे ते. उलटं पडतं."

मी हातातली गवार खाली ठेवली. म्हटलं, "तळं नाही तर मी पण नाही. त्या मळ्यातल्या हॉटेलात रात्री दोघं जेवायला जाल तेव्हा पोरीला कोण झोपवणार, ते नकाशात बघा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या बघण्यावरून मला कळलं की हे त्यांच्यात आधीच बोलून झालं होतं. प्रत्येक ठिकाणी दोन खोल्या होत्या. गॅलरीवाली त्यांची, लहान पलंग घातलेली माझी आणि पोरीची. मला राग आला नाही. मी पण काही कमी नव्हते, तळ्यासाठी पोर सांभाळायला तयार होते. तळ्याला दोन रात्री मिळाल्या. मुलाने नकाशावर तिथे लाल टाचणी टोचली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२०२१ च्या उन्हाळ्यात दोन्ही लसी झाल्या, देश उघडले. सप्टेंबरची तिकिटं निघाली. मी मेतकूट केलं, शेंगदाण्याची चटणी केली, भडंगाचे पुडे बांधले. तिकडे मी काय खाणार होते? पोरीला मांडीवर घेऊन होडीचं चित्र काढून दाखवलं.

मग एका दुपारी मुलगा वरून खाली आला, हातात पासपोर्ट. म्हणाला, "आई, जरासा घोळ झालाय."

घोळ असा होता. तो, सून आणि नात, तिघांचे पासपोर्ट आता आयर्लंडचे, लाल. माझा भारताचा, निळा. लालवाल्यांना इटलीला जायला काही लागत नाही. मला लागतो तो वेगळा व्हिसा, आणि आयर्लंडला पाहुणी म्हणून आलेल्या बाईला तो इथून मागता येत नाही. त्यासाठी भारतात परत जायचं, तिथून अर्ज करायचा. सव्वा वर्ष त्या दाराशी उभं राहून ज्याने मला रस्ते दाखवले, त्याला विमानाच्या अर्जात माझ्या पासपोर्टचा नंबर भरायला घेतल्यावर हे समजलं.

"तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"अगं, आपल्याला आता व्हिसा लागत नाही ना, सवयच गेली विचार करायची. डोक्यातच आलं नाही."

"मी आले नाही डोक्यात."

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू?"

त्याने मुद्दाम केलं असतं तर मला परवडलं असतं. मुद्दाम करायला माणूस आधी लक्षात असावं लागतं.

त्या रात्री जेवायला बसलो. मग सून म्हणाली, "रद्द करूया का आपण?" आणि माझ्याकडे बघायला लागली. मुलगा ताटात बघत होता. मला माहीत होतं ते कशाची वाट बघत होते. अशा वेळी घरातल्या म्हातारीने म्हणायचं असतं, माझं काय, तुम्ही जा, तुमचं फिरायचं वय आहे. मग पोरं दोनदा नाही म्हणतात आणि जातात. मी ते सासूला म्हणताना ऐकलं, आईला म्हणताना ऐकलं, आणि स्वतः तर किती वेळा म्हटलं. त्या रात्री मी म्हटलं नाही. भात कालवला, खाल्ला, आमटी मागून घेतली.

मुलाने शेवटी विचारलं, "आई, तुला काय वाटतं?"

"मला विचारून आखलं होतंस का?"

"तुला विचारूनच तर—"

"तेवढं तळं विचारून घेतलं होतंस. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा. मी जा म्हणणार नाही आणि नको पण म्हणणार नाही."

सुनेचे डोळे भरले. ती ताट उचलून सिंकपाशी गेली. मला वाईट वाटलं नाही. जे ठरवायचं ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने ठरवावं एवढंच मला पाहिजे होतं. दोन दिवसांनी मुलगा म्हणाला, "आम्ही जातोय." मी म्हटलं, "बरं. मग त्याआधी मला घरी पाठव." या वेळी त्याने प्रेस उघडली नाही. तिकीट काढून दिलं.

विमानतळावर नातीने इंग्रजीत विचारलं, इटलीला आजीच्या खोलीत कोण झोपणार? म्हणजे मला वाटतं तिने तेच विचारलं. कुणी मला सांगितलं नाही. भडंगाचे पुडे मी त्यांच्याकडेच ठेवले.

कराडला आले. घराला मुलाने मागेच रंग लावून दिला होता, तेव्हा ते चित्र भिंतीवरून गेलंच होतं. शेजारणीने विचारलं, "काय बघितलंत तिकडे?" म्हटलं, "कालवा."

दोन आठवड्यांनी व्हिडिओ कॉल आला. आधी नातीचं नाक, मग मुलाचा चेहरा. उन्हाने लाल झालेला, टोपी घातलेला. आनंदात होता. "आई, बघ! तुझं तळं!" आणि त्याने फोन फिरवला.

पाणी निळं होतं, छान होतं. कडा होता, कड्यावर घरं होती, पिवळी पण होती. मी नीट बघितलं. ते चित्र मी किती वर्षं बघितलेलं.

"पलीकडचा काठ कुठे आहे?" मी विचारलं.

"काय?"

"तळ्याला पलीकडचा काठ असतो. याला नाही. हा समुद्र आहे."

त्याचा फोन तसाच पाण्याकडे राहिला, पाणी हलत होतं. मागून सुनेचा आवाज आला, "तुला म्हटलं होतं ना, सांग म्हणून." मग त्याचा चेहरा परत आला.

"अगं, तू नव्हतीस ना, मग तिकडे वर जाऊन काय करायचं, म्हणून त्या दोन रात्री इकडे किनाऱ्यावर वाढवल्या. वाटेत नव्हतं ते, आई. तुला बघून बरं वाटेल म्हणून मी आपलं..."

त्याला वाटलं पाणी म्हणजे पाणी, म्हातारीला काय कळतंय. मी रागावले नाही. एवढ्या लांबून रागावून काय मिळणार होतं?

"भडंग संपलं का?" मी विचारलं.

"संपलं. भारी होतं."

"बरं झालं," म्हटलं, आणि फोन ठेवला.