पोट बोलायलंय का?

आत्याबाई बसलेल्या मी एकदाच पाहिल्या, आणि तेवढ्यात त्यांची घोडी मरणाच्या दारात जाऊन आली. एरवी ही बाई जेवायचीसुद्धा उभ्यानं. एका हातात भाकरी, दुसरा हात चंद्रीच्या पोटावर.

सेलूला माझ्या पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. नवऱ्यामागे वरातीच्या घोडीचा धंदा त्यांनीच चालवला. चंद्री पांढरी, देखणी आणि पोटाची नाजूक. आत्याबाई शेड झाडायच्या, पाणी बदलायच्या, मध्येच झाडू टाकून चंद्रीच्या कुशीला कान लावायच्या. "पोट बोलायलंय का बघते." आतून गुरगुर ऐकू आली की परत झाडू.

"गुरगुरतंय म्हणजे बिघडलं असेल," मी एकदा म्हटलं.

"बोलू दे गं माय. गप बसलं की भ्यावं."

चारा बदलायची वेळ आली की त्यांची धावपळ बघवत नसे. कोरड्या कडब्याच्या कुट्टीत आज मूठभर हिरवं, दोन दिवसांनी ओंजळभर, आणि प्रत्येक वेळी लीद पातळ झाली का, हे काठीनं उकरून बघणं. "एकदम बदल म्हंजी पोटाशी दावा," हे वाक्य त्या माणसांनाही ऐकवायच्या. सासरी निघालेल्या माझ्या भाचीला इतर बायकांनी आशीर्वाद दिले, आत्याबाईंनी सांगितलं, "पयले आठ दिवस तिथलं थोडं थोडंच खाय."

वरातीआधी नवरदेवाच्या बहिणीनं घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारायची रीत. बहिणी हौसेनं पातेलं भरून आणत. आत्याबाई चिमूटभर चारू देत आणि पातेलं बाजूला सारत. "बस ताई. उरलेली भावाला चारा. आजपासून त्याला लय ताकद लागणार हाय."

ते बसणं घडलं देवगाव फाट्यावरच्या एका लग्नात. मीही पाहुणी होते. उन्हाळा, चंद्री निव्वळ कडब्यावर. मुलीचे वडील बागायतदार आणि हौशी. "घोडीवाल्या आत्या उभ्यानं जेवल्या तर आमची इज्जत काय राहिली?" म्हणत त्यांनी आत्याबाईंना हाताला धरून पंगतीत बसवलं. स्वतः वाढलं, जिलेबीचा आग्रह केला. आणि घोडी म्हणजे वरपक्षाकडची, तिचाही मान राखायला हवा, म्हणून गड्याकडून ताज्या, हिरव्या लसूणघासाचा भारा तिच्यापुढे टाकवला. आत्याबाई हात धुवून आल्या तेव्हा भारा संपला होता.

त्या ओरडल्या नाहीत. वराकडून आलेल्या जरीच्या झुलीखाली कान घातला, आणि तिथून हलल्याच नाहीत. थोड्या वेळानं चंद्री मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघू लागली, मग पाय आपटू लागली, मग खाली बसून लोळायला गेली.

"झूल काढा. डॉक्टरला बोलवा. मी हिला फिरवते, लोळू द्यायची न्हाई."

नवरदेवाची मावशी पुढे आली. "अन् नवरदेव पायी जायचा? लोक काय म्हणतील?"

"पायी चालून नवरा मरत न्हाई. ही मरंल."

बँडवाले वाजवायचे थांबले. मुलीचे वडील घामाघूम होऊन सारखे विचारत, "आत्या, चुकलं का माझं?" उत्तर द्यायला आत्याबाई थांबल्या नाहीत, ओढत ओढत चंद्रीला फिरवत राहिल्या. शेवटी वरात पायीच गेली. जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून औषध सोडलं. "फिरवलीत ते बरं केलंत," म्हणाले. दिवस कलताना चंद्रीनं एकदाची लीद टाकली. "आली! आली!" आत्याबाई ओरडल्या, आणि मंडपातल्या लोकांना वाटलं नवरी आली.

पुढे आत्याबाईंच्या गुडघ्यांनी जवाब दिला. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. चंद्री पालमच्या एका घोडीवाल्याकडे गेली, सोबत टेम्पोभर इथलाच कडबा. "नव्या दावणीला जुनाच चारा घाल. मग हळूहळू तुझा मिसळ," असं त्याला टेम्पो हलेपर्यंत बजावत होत्या. पुण्यात सून गव्हाच्या पोळ्या करायची, म्हणून मी आत्याबाईंना ज्वारीचं पीठ धाडत राहिले. दर वेळी फोन यायचा, "या बारीला थोडं कमी पाठव. सवय लावायलेय." मग एकदा, "आता नको पाठवू."

परवा चंद्री वरातीसाठी सेलूत आली. मी गिरणी चालू टाकून रस्त्यावर गेले, तिच्या कुशीला कान लावला आणि तिथूनच फोन केला.

"पोट बोलायलंय का?" पलीकडून पहिला प्रश्न.

"बोलायलंय. झकास."

"मग बरं हाय."

"आणि तुमचं, आत्याबाई? काय करताय?"

"बसलेय," त्या म्हणाल्या. पुढे काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज. एवढा वेळ गप्प बसलेली ही बाई मी कधी ऐकली नव्हती.

मी परत आले, गव्हाचं दळण बाजूला सारलं आणि ज्वारी टाकली. पीठ गार व्हायच्या आत पिशवीत भरलं आणि पुण्याच्या गाडीचं तिकीट काढायला स्टेशनवर गेले.