सिमेंटवर शिकवलेलं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी बाईंचं नाव घेतो. नाव म्हणजे तरी काय, नवीन पनवेलच्या आमच्या वसाहतीत त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मीही तेवढंच म्हणणार आहे. त्या मुलींच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि शाळा भरण्याआधी मैदानात चाकांच्या स्केटिंगचा वर्ग घेत. त्या वर्षांत तुम्ही सकाळी तिकडे फिरायला जात असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. सिमेंटच्या मैदानाच्या वळणावर त्या उभ्या असायच्या, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, एक हात कमरेवर आणि दुसरा डोक्याच्या वर. आणि सारखी एकच हाक, "हात वर! हात वर ठेव गं!"

बाई दमलेल्याच असायच्या. मी त्यांना कधी ताज्यातवान्या पाहिलेलं आठवत नाही. सकाळी वर्ग, दिवसभर शाळा, संध्याकाळी घरी अंथरुणाला खिळलेली आई. "बसा ना बाई थोडं," म्हटलं की उत्तर ठरलेलं असे. "बसले तर उठवणार कोण? तू?"

हात वर ठेवण्याचं कारण साधं होतं. पूर्वी कधीतरी एका मुलीने वळणावर तोल सावरायला हात खाली टेकवला आणि मागून येणारीची चाकं तिच्या बोटांवरून गेली. त्या मुलीला घेऊन बाई स्वतः दवाखान्यात धावल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या वर्गात पडलं तरी चालत असे, रडलं तरी चालत असे, हात खाली गेलेला मात्र चालत नसे.

माझी धाकटी बहीण त्यांच्या वर्गात होती. आम्ही मूळचे उरणकडच्या गावातले, मिठागरावर राबणारे. मी न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कारकून म्हणून लागलो, पनवेलला खोली घेतली आणि बहिणीला शाळेसाठी आणलं. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला नापास होऊन बसलो होतो. आमच्या घरात तिथवर कुणी पोचलंच नव्हतं, त्यामुळे नापास झालो याचं कुणाला वाईटही वाटलं नाही. वाटलं ते बाईंना. बहिणीला घ्यायला मी मैदानावर गेलो की भर मुलींमध्ये विचारायच्या, "काय रे, भरलास का फॉर्म?" पोरी फिदीफिदी हसायच्या. शेवटी लाजेने मी परीक्षेला बसलो आणि पास झालो. पेढे घेऊन गेलो तर म्हणाल्या, "गोड मला नको. त्या पोरींना दे, तुझ्यावर हसून हसून दमल्यात."

पुढे उत्तरेतल्या एका डोंगराळ शहरात बर्फाचं मोठं बंदिस्त मैदान बांधलं गेलं. तिथे मुलींच्या शॉर्ट ट्रॅक शर्यतींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठरली. चार-पाच जणींनी एकाच वेळी बर्फाच्या छोट्या लंबगोलात सुटायचं, वळणावर एकमेकींना गाठायचं, असा हा खेळ. आपल्याकडे बर्फावरच्या मुली मुळात थोड्या, म्हणून चाकांवरच्या वेगवान मुलींनाही बोलावलं. त्यात माझी बहीण निवडली गेली.

बाईंना घेऊन गावी वडिलांना सांगायला गेलो तेव्हा ते जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बरफावर नाचून काय भेटनार हाय पोरीला?" बाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ते मलाही माहीत नाही. बघून येते."

बाईंनी तोवर बर्फ पाहिला होता तो मासळीबाजारातला. तरी त्यांनी बहिणीला उरणच्या मोरा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात नेलं आणि मालकाला म्हणाल्या, लाद्या ओळीने मांडा, मुलीला उभं राहून बघायचंय. मालक उडालाच. "बाय, यो बरफ मावऱ्यासाठी हाय! यावर पोर उभी केली तं होरीवाले मना काय बोलतील?" होड्यांवरच्या मासळीचा तो बर्फ. पण बाई हलेनात, तेव्हा त्याने मांडल्या लाद्या. बहीण त्यावर चार पावलं सरकली आणि लाद्यांच्या फटीत अडकून पडली. मालक म्हणाला, "झाली स्पर्धा?" बाई म्हणाल्या, "झाली. लाद्या जरा जवळ सरकवा." त्यानंतर मुंबईतल्या एका मॉलच्या बर्फावर काही दिवस सराव झाला. तिथे लहान मुलं कठड्याला धरून चालत होती. त्या गर्दीत वेग घेणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पुढे जे घडलं त्याची चाहूलही आम्हाला लागली नाही.

स्पर्धेला आम्ही तिघं गेलो. बाईंनी साडीवर दोन स्वेटर आणि कानटोपी चढवली होती. पहिल्या शर्यतीत बहीण सुटली ती जवळजवळ सगळ्यांच्या पुढे. मी ओरडलो. मग वळण आलं. बाकीच्या मुली इतक्या आत झुकल्या की डाव्या हाताची बोटं बर्फावर टेकवून, त्या बोटांभोवती फिरल्यासारख्या निघून गेल्या. माझी बहीण हात वर ठेवून, शिकवल्यासारखी नीट, बाहेर बाहेर वाहत कडेच्या गाद्यांपर्यंत गेली. प्रत्येक वळणावर तेच. ती शेवटची आली.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी तोपर्यंत वर धरलेला स्वतःचा हात हळूच खाली घेतला.

त्या दिवसभर बाई जेवल्या नाहीत. कठड्याशी उभ्या राहून एकेक शर्यत बघत राहिल्या, कुठल्या कुठल्या देशांच्या मुलींची फक्त बोटं बघत. "बाई, चहा तरी घ्या," म्हटलं तर म्हणाल्या, "थांब. ही कशी टेकवते बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या वेळी त्यांनी बहिणीला बोलावलं. भोवती संघातल्या सगळ्या मुली होत्या, बर्फावरचे प्रशिक्षक होते. बाजूला नेऊन सांगता आलं असतं. बाईंनी तसं केलं नाही.

"मी तुला चुकीचं शिकवलं," त्या म्हणाल्या. "इथे हात खाली टेकवायचा. मी आजवर सांगितलं ते सोडून दे."

बहीण चिडली. चिडली की तिच्या तोंडी गावची बोली येते. "आता सांगताव, बाई? आता?"

"हो, आता. काल मला माहीत नव्हतं."

बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी तिचा हातमोजा नीट ओढून बसवला आणि म्हणाल्या, "रडायचं ते शर्यतीनंतर. डोळ्यांत पाणी असलं तर वळण दिसणार नाही."

त्या दिवशी दुसऱ्या अंतराची शर्यत होती, तिच्यात तिने हात टेकवला. पहिल्या वळणाला टेकवला, दुसऱ्याला टेकवला, दोघींना मागे टाकलं. मी आणि बाई एकमेकांचे दंड धरून उभे होतो. शेवटच्या फेरीत एक मुलगी तिला अगदी खेटून आली, आणि घाबरल्याबरोबर बहिणीचा हात आपोआप वर गेला. ती घसरली ती थेट गाद्यांवर. उठली आणि उरलेलं अंतर एकटीने पूर्ण केलं.

तरी बर्फावरचे ते प्रशिक्षक नंतर बाईंकडे आले. "स्टार्ट अच्छा है इसका. मेरे पास छोड़ दीजिए. पुरानी आदत तोड़ने में टाइम लगेगा."

"घेऊन जा," बाई मराठीतच म्हणाल्या. ते त्यांना कळलं.

परतीच्या गाडीत बहीण नव्हती. बाई खिडकीशी बसल्या होत्या. कानटोपी काढता काढता म्हणाल्या, "पोरीची कोवळी वर्षं होती ती. सगळी मी वाया घालवली." मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "तू नको सांगूस. तुला हिशेबातलं कळतं, यातलं नाही."

पुढची काही वर्षं बहीण बर्फावर खेळली. परदेशातही गेली. पण गर्दीच्या वळणावर, नेमक्या घाबरण्याच्या क्षणी, जुनी सवय उसळायची. प्रत्येक स्पर्धेनंतर बाईंचा मला फोन यायचा. कितवी आली हे त्या विचारतच नसत.

"हात?"

"वर गेला, बाई."

मग, "बरं. जेवलास का?"

अंतिम फेरीपर्यंत ती कधी पोचली नाही. गुडघा दुखावला तेव्हा तिने खेळणं थांबवलं. त्याच सुमारास बाईंची आई गेली आणि बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला त्या आल्याच नाहीत. कुलूप लावून घाटावर भाचीकडे निघून गेल्या. मैदानावर हल्ली शाळेच्या बस उभ्या असतात. आणखी कोण कोण त्यांच्या हाताखालून गेलं, कोण कुठे आहे, मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणी असेलही.

फोन त्या उचलत नाहीत. म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

"ती. बाईंना सा. न. वि. वि.

आम्ही सर्व बरे आहोत. पत्राचं कारण वेगळं आहे. त्या डोंगरातल्या बर्फाच्या मैदानावर लहान मुलींना शिकवायला बहिणीला बोलावलं आहे. ती नको म्हणते. काल फोनवर खूप विचारलं तेव्हा म्हणाली, 'दादा, मीही एखादीला चुकीचं शिकवीन, आणि मला ते कळणारही नाही.' मी म्हटलं, मग कळेल त्या दिवशी बाईंसारखं सगळ्यांसमोर सांगून टाक. त्यावर ती म्हणाली, 'तेच तर जमणार नाही मला.'

बाई, तुम्ही वर्षं वाया घालवलीत की नाही हे मी ठरवू शकत नाही. तुम्ही म्हणालात तसं मला यातलं कळत नाही. पण त्या सकाळी तुम्ही तिला जे सांगितलंत, ते सांगणारं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, आणि यार्डात माझ्या वर बरेच साहेब येऊन गेले. तिने अजून होकार दिलेला नाही आणि नकारही कळवलेला नाही. माझं ती ऐकणार नाही. त्या सकाळी तिच्यासमोर उभं राहताना तुम्हाला काय वाटत होतं, तेवढंच तिला लिहा. दोन ओळी पुरे होतील. सोबत तिचा पत्ता देत आहे."