खाली घेतलेलं माणूस

बोरिवलीला सुहासिनी ताम्हाणेंच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस उंबऱ्यातच थबकतो आणि विचारतो, "शिफ्टिंग चाललंय का?" त्याला उत्तर मिळतं, "नाही. चपला बाहेर काढा आणि खाली बसा." बसायला खालीच असतं. हॉलमध्ये एक सतरंजी, भिंतीशी गुंडाळून ठेवलेली वळकटी, कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक आणि स्वयंपाकघरात दोन पाट. खुर्ची नाही, टेबल नाही, सोफा नाही, कॉट नाही. लोकांनी कर्ज काढून भरलेल्या घरांच्या त्या बिल्डिंगमध्ये बाईंची फरशी तेवढी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुसता येते.

समोरच्या श्रुतिकाला एकदा कणव आली. तिने घरातली जास्तीची प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. बाईंनी ती उचलली, दोन मजले उतरून गेल्या आणि गेटवरच्या वॉचमनला देऊन आल्या. श्रुतिकाचा कॉलेजात जाणारा भाऊ म्हणाला, "तुम्ही मिनिमलिस्ट आहात ना? झकास! आता ट्रेंड आहे तो." बाई म्हणाल्या, "मी भांडखोर आहे. तो ट्रेंड जुना आहे." पोरगं हसलं, पण बाई विनोद करत नव्हत्या.

भांडण हा सुहासिनीचा पिंडच. अंधेरीच्या एका औषध कंपनीत पॅकिंगवर देखरेख करण्यात तिची सगळी नोकरी सरली. चाळीस बायका हाताखाली, आणि मॅनेजरलाही तिच्याशी बोलायचं तर आधी घसा खाकरावा लागे. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारणाऱ्यांना तिने इतकं तोडून टाकलं की पुढे कुणी विचारलंच नाही. "मी नाही कुणाला घाबरत," हे वाक्य तिच्या तोंडात सदा असे. पण ती जमिनीवर झोपायला लागली ती नोकरी सुटल्यावर, आणि त्याचं कारण तिची आई.

आई धाकट्या मुलाकडे, विद्याधरकडे, मुलुंडला असे. शेवटच्या आजारपणात (तेव्हा सगळ्यांना ते शेवटचं वाटलं) तिला आतल्या खोलीतल्या पलंगावर हलवलं होतं, कारण बाथरूम तिथून जवळ. पलंग विद्याधरच्या बायकोच्या, मृणालिनीच्या माहेरचा. बर्मा सागवान, डोक्याशी कोरलेले दोन मोर. त्या मोरांच्या पिसांतली धूळ मृणालिनी टूथब्रशने काढायची. सासूला तिथे निजवणं हे तिच्या मते फार मोठं मन दाखवणं होतं, आणि तसं ती बोलूनही दाखवायची.

एका दुपारी आईचा श्वास घरघरायला लागला. डॉक्टर येऊन गेले आणि दारात चपला घालता घालता म्हणाले, "आता फार वेळ नाही. नातेवाइकांना कळवा." माणूस जायला आलं की आपल्याकडे त्याला पलंगावरून उतरवून जमिनीवर निजवतात. पाठ भुईला लागलेली असावी, अधांतरी प्राण जाऊ नये, असा समज. त्याला 'खाली घेणं' म्हणतात. शब्द साधा आहे, माळ्यावरचा डबा खाली घेतात तसा. पण तो घरात उच्चारला गेला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. तो आधी कोणी उच्चारायचा, एवढाच प्रश्न असतो. त्या घरात तो मृणालिनीने उच्चारला, आणि डॉक्टरांची गाडी अजून गेटबाहेर पडली नव्हती.

खाली घेतलं. फरशीवर गोमूत्र शिंपडलं, चटई घातली, देवघरातला गंगेचा गडू फोडला, तोंडात तुळशीचं पान ठेवलं. मोबाइलवर गीता लावली. पलंगावरची गादी गच्चीत गेली. सुहासिनी बोरिवलीहून रिक्षा करून धावतपळत पोचली, तेव्हा आई जमिनीवर होती आणि मृणालिनी पलंगाच्या पाट्या फिनेलने पुसत होती. "जीव तरी जाऊ दे गं आधी," एवढंच सुहासिनी बोलली. पुढचं सगळं तिने पोटात साठवून ठेवलं.

आणि आई गेलीच नाही. दिवेलागणीला तिने डोळे उघडले, तोंडातलं पान थुंकलं, भोवती बसलेल्या नातलगांकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढी माणसं का आलीत? चहा तरी ठेवलाय का कोणी?"

कुणाला हसावं की रडावं कळेना. खरी पंचाईत पुढे झाली. आईला परत वर निजवायचं म्हटल्यावर मृणालिनी म्हणाली, "खाली घेतलेलं माणूस पुन्हा वर घेत नाहीत. घरावर येतं." कुठल्या पोथीत लिहिलंय, कुठल्या गुरुजींनी सांगितलं, कोणी विचारलं नाही. मावशी म्हणाल्या, असेलही. काका म्हणाले, उगीच कशाला परीक्षा घ्या. आणि विद्याधर? हा माणूस कंपनीत लोकांना प्रेझेंटेशनं देतो, आणि बायकोपुढे उभा राहून पायाच्या अंगठ्याने टाइल उकरत राहिला. आई चटईवरच राहिली. दोन आठवडे सुहासिनी जात-येत राहिली, भांडत राहिली, आणि एक दिवस ॲम्ब्युलन्स करून आईला बोरिवलीला घेऊन आली.

इथवर ऐकलं की लोक सुहासिनीच्या बाजूने होतात. व्हावंच. पण पुढचं तिने जे केलं ते जरा नीट बघायला हवं.

तिच्या घरात तेव्हा कॉट होती. चांगली, लोखंडी, उंचीलाही बेताची. सोफा होता, चार खुर्च्यांचं टेबल होतं. आई यायच्या आदल्या दिवशी तिने हे सगळं जुन्या सामानवाल्याला देऊन टाकलं. "माझ्या आईला त्यांनी जमिनीवर टाकलं ना? मग आई जिथे, तिथे मी," असं तिने सगळ्या गोतावळ्याला फोन करकरून सांगितलं. भेटायला येणारा प्रत्येक जण ते रिकामं घर बघे, भिंतीशी पडलेली म्हातारी बघे, शेजारी सतरंजीवर बसलेली लेक बघे, आणि मुलुंडच्या नावाने बोटं मोडत परत जाई. विद्याधरला लग्नाकार्यात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. "मुलगी असावी तर अशी," असं लोक म्हणत. सुहासिनीने ते वाक्य लिमलेटच्या गोळीसारखं पुरवून पुरवून खाल्लं.

आई अपेक्षेपेक्षा फार जगली. दोनेक वर्षं. हिंडती-फिरती नाही, पण धरून नेलं तर बाथरूमपर्यंत जाई. जमिनीवरून उठणं म्हणजे मोठा खटाटोप. आधी कुशीवर, मग हातावर, मग सुहासिनीच्या गळ्यात हात टाकून ती कण्हत उभी राही.

एकदा अशीच उभी राहता राहता ती म्हणाली, "सुहास, एखादी खाट नाही का मिळणार गं? गुडघे फार दुखतात."

"नाही मिळणार," सुहासिनी म्हणाली. "येणारा-जाणारा बघू दे तुला कुठे ठेवलंय ते."

"कोणी ठेवलंय?" आईने विचारलं.

आईला आता विसरायला होतं, असं सुहासिनीने त्या संध्याकाळी मावसबहिणीला फोनवर सांगितलं.

आई गेली तेव्हा तिला खाली घ्यावं लागलं नाही. विद्याधर तेराव्याला आला, एका बाजूला उभा राहिला आणि न जेवता निघून गेला. त्याला आता काही वर्षं झाली. सुहासिनी अजून जमिनीवरच झोपते, आणि घरात काही आणत नाही. आता बघायला कोणी येत नाही, पण राग एकदा मांडून ठेवला की उचलायला माणूस लागतं, आणि तिच्या घरी दुसरं माणूस नाही.

मग या वर्षी मुलुंडची बिल्डिंग पाडायला निघाली. नवी होईपर्यंत विद्याधरने कांदिवलीला भाड्याचं घर घेतलं. ते इतकं लहान की दोन माणसं आणि फ्रिज मावला म्हणजे खूप. बाकीचं सामान इकडेतिकडे गेलं, राहिला पलंग. त्याने ताईला फोन केला. दोन वर्षांचा तर प्रश्न, तुझ्याकडे जागाच जागा आहे, म्हणाला.

"तुझ्या सासुरवाडीचं लाकूड माझ्या घरात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अगं, हॉल रिकामा तर पडलाय."

"रिकामा पडला नाहीये, मी रिकामा ठेवलाय," असं म्हणून तिने फोन आपटला.

मृणालिनीने बहुधा त्याला सांगितलं असणार, दारात नेऊन उभा केला की घेतील, लोकलज्जा आहे ना. नणंदेला ती इतक्या वर्षांत ओळखू शकली नव्हती. रविवारी सकाळी टेंपो आला. भीमराज नावाच्या टेंपोवाल्याने मोरांची फळी पाठीवर घेतली आणि दोन जिने चढून बाईंच्या दारासमोर येऊन उभा राहिला. मागे विद्याधर, घामाघूम. केस पार पिकलेले. सुहासिनी दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी होती.

"खाली ने," ती म्हणाली.

"ताई, दारात तमाशा नको. आत बोलू."

"आत कशाला? बायकोला विचारून आलायस ना? की वर आणलेला पलंग पुन्हा खाली घेत नाहीत, असं काही काढलंय तिने?"

"ताई, पुरे."

"का पुरे? चांगली बोलती-चालती बाई चटईवर टाकलीत. पलंग बाटेल म्हणून! आणि तोच पलंग सांभाळायला माझं घर? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"वाटते," विद्याधर म्हणाला. "रोज वाटते. तू वाटायला लावलीसच. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत. मावशी गेली, पण शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही." त्याचा आवाज चढला नाही, म्हणून सुहासिनी जरा बिचकली. भांडणात तिला चढलेले आवाज सवयीचे होते. "पण एक सांग. माझ्याकडे ती थोडे दिवस खाली होती. तुझ्याकडे मरेपर्यंत होती."

"तुम्ही खाली घेतलीत म्हणून!"

"मी घाबरलो होतो, ताई. म्हटलं, वर निजवलं आणि खरंच काही झालं तर? घरात आमची गार्गी होती, पोरीची दहावी होती. शेण खाल्लं मी, कबूल. मूर्खासारखा घाबरलो. तुझ्याकडे तर कॉट होती. तू ती विकलीस. तू कशाला घाबरली होतीस?"

"मी? मी नाही कुणाला घाबरत!" सुहासिनी ताडकन म्हणाली.

आयुष्यभर फेकून मारलेलं वाक्य ते, सवयीने बाहेर पडलं. पडल्यावर मात्र तिला ते नीट ऐकू आलं. विद्याधरलाही आलं. घाबरून आईला खाली ठेवलं असतं तर निदान भीती तरी म्हणता आलं असतं. ती भ्याली नव्हती. भावाला चारचौघांत खाली बघायला लावायचं म्हणून तिने आईला दोन वर्षं फरशीवर ठेवलं होतं, दुखणारे गुडघे दिसत असताना.

"साहेब, लवकर सांगा ना यार, खांदा उतरला," भीमराज म्हणाला.

"चल, टेंपोत टाक," विद्याधर म्हणाला. "कोणाला हवा असेल त्याला देऊन टाकू."

तो वळला. जिन्याच्या वळणावर फळी अडकली, तेव्हा त्याने हात लावून ती सोडवली आणि वर न बघता उतरत गेला. त्याला हाक मारावी असं सुहासिनीला वाटलं. पण तोवर खाली टेंपोचा मागचा फाळका लागल्याचा आवाज आला.

श्रुतिका भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढून आली. तिला खाली पलंग दिसला होता. "काय सुरेख मोर आहेत हो, ताई! तुमच्याकडेच आणला होता ना? मग परत का नेला?"

"आमच्या आईला पलंग आवडायचाच नाही," सुहासिनी म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.