मुदतीच्या अर्जावरची सही

आधीच सांगून टाकतो, मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पंधरा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. वरात आटोपून, कॅमेऱ्याची बॅग पोटाशी धरून, जंगलातल्या रस्त्यांनी एकटा बाईकवर परत आलोय आणि आजवर मला रानडुकराशिवाय कोणी अडवलेलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचून बायकोला म्हणायचो, या लोकांना झोप पुरत नाही. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली. नावं बदलली आहेत, बँकेचं नाव लिहीत नाही. बाकी जसं घडलं तसं सांगतो.

मी बिरसीचा. गोंदियाजवळचं, विमानतळाचं बिरसी. दिवसभर शिकाऊ पायलटांची छोटी विमानं आमच्या धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे भाताच्या खाचरांवरून, घिरट्या घालत असतात. लहानपणापासून ते बघून मलाही वरून जग बघायची हौस... क्रेडिट कार्ड मिळालं तसा ड्रोन घेतला, सोबत एक भारी लेन्स. गावात ड्रोन उडवायची परवानगी नाही, विमानतळ आहे ना! म्हणून बाहेरगावच्या लग्नांत उडवायचा. चौथ्याच लग्नात तो उन्हाळी धानाच्या बांधीत पडला आणि चिखलात गेला. हप्ते मात्र उडत राहिले.

कार्डाचं कसं असतं, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. ‘मिनिमम’ भरत गेलो आणि वाटायचं, भरतोय की आपण! दोन वर्षांत मूळ रकमेपेक्षा व्याज आणि दंडच मोठे झाले. दुसरं कार्ड काढून पहिल्याचं भरलं. शहाणपणाची हद्दच झाली. मग दोन्ही थकले आणि फोन सुरू झाले.

सकाळी आठपासून फोन. एक जण तर गोड बोलायचा, “किशोर भाई, आज का कमिटमेंट क्या है?” आणि दुसऱ्या मिनिटाला आईवर यायचा. मी फोन उचलणं बंद केलं तर त्यांनी माझ्या फोनमधले नंबर कुठून तरी मिळवले. आम्हा फोटोवाल्यांची नंबर सेव्ह करायची एक पद्धत असते – ‘लग्न आमगाव’, ‘हळद कामठा’, ‘साक्षगंध तिरोडा’. त्या सगळ्यांना फोन गेले. मुलींच्या बापांना सांगितलं, तुमचा फोटोग्राफर चोर आहे, ॲडव्हान्स देऊ नका. त्या सीझनची सहा लग्नं गेली. ज्यातून पैसे फेडायचे तेच यांनी बंद करून टाकलं. कोणाला सांगू?

मग घरी माणसं यायला लागली. दोघे जण, एक मोटरसायकल. अंगणात उभे राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. आणि मी – लिहायलाही लाज वाटते – मी आतल्या खोलीत धानाच्या कोठीमागे बसून राहायचो. सरिता, माझी बायको, दारात जाऊन सांगायची, घरी नाहीत. पहिल्या वेळी तिचा आवाज ठाम होता. नंतर नंतर तो खाली जात गेला. मी कोठीमागून ऐकत असे.

कोर्टाचा समन्स आला तेव्हा मी सगळ्यात मोठी चूक केली. आमच्याकडे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं, की कागदावर सही केली तरच माणूस अडकतो. चौकातल्या चार शहाण्यांनीही मला तेच सांगितलं. घेऊच नको, घेतलाच नाही तर लागू कसा होईल? पोस्टमन आला, मी लिफाफा परत पाठवला. कोर्टाचा बेलिफ आला, मी कोठीमागे. शेवटी त्याने दोन पंच बोलावून समन्स दारावर चिकटवला. त्यावर तारीख होती. गावातलं प्रत्येक पोर तो वाचून गेलं.

त्या संध्याकाळी सरिता म्हणाली, तारखेवर जा. मी म्हणालो, जाणार नाही. खरं कारण तिलाही माहीत होतं. तिचा भाऊ निलेश कोर्टाच्या गेटजवळ लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसतो, लोकांचे अर्ज टाइप करून देतो. त्याच्या टेबलासमोरून आरोपीसारखं आत जायचं? माझ्याच्याने ते होणार नव्हतं. सरिताने भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरली, मुलीला घेतलं आणि जाताना एवढंच बोलली:

“कर्ज सारेच करतेत जी. पण घरात माणूस असून नाही म्हणून मी आता किती दिवस सांगू?”

ती माहेरी, गोंदियाला गेली. मी दोन दिवस घरात नुसता पडून होतो. काय काय विचार येत होते ते इथे लिहीत नाही. फक्त एवढं सांगतो, की स्वतःचीच भीती वाटायला लागली म्हणून मी घराबाहेर पडलो. फोन बंद केला आणि दोन बस बदलून मामाकडे चिचगडला गेलो. बिरसीहून नव्वदेक किलोमीटर, देवरीच्या पुढे, जंगलातलं गाव. मामाने टोपली हातात दिली आणि म्हणाला, उद्यापासून चल माह्यासंगं.

मोहफुलांचे दिवस होते. पहाटेच जंगलात जायचं, झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, उन्हं चढली की परतायचं. चौथ्या दिवशी माझा शर्ट धुवायला टाकला होता, म्हणून मामाचा जुना हिरवा चौकड्यांचा शर्ट घातला. त्याचं वरचं बटण तुटलेलं, मामीने तिथे लाल लावलेलं. हे सगळं एवढ्या बारकाईने सांगतोय त्याला कारण आहे.

तो तारखेचा दिवस होता. मी मुद्दाम विसरल्यासारखं करत होतो. साडेअकराच्या सुमारास, आम्ही शेवटच्या झाडाखाली असताना, हाक आली.

“किशोर वल्द तुळशीराऽऽम...”

लांबवलेली. सरकारी. मामा मला बापू म्हणतो, गावात दुसऱ्या कोणाला माझ्या वडलांचं नाव माहीत असायचं कारण नाही. मी वळून बघितलं. लख्ख ऊन, सागाचा पाचोळा, कोणी नाही. मामाला विचारलं तर त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. तेवढ्यात पुन्हा तीच हाक, तसेच शब्द. माझा चेहरा बघून मामा समजला. माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाला:

“जंगलात कोणी नावानं बलावला तं तीन खेप झाल्याबिगर ओ देऊ नोको. आपलं माणूस असन तं तिसऱ्यांदा बलावते.”

मला वाटलं, वसुलीवाले इथेही पोचले. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. थकवा आला. इतका की आता धरून नेलं तरी चालेल, पण हे लपणं नको, असं झालं. तिसरी हाक आली. मी टोपली खाली ठेवली, सरळ उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “आहो. हजर आहो.”

त्यानंतरचं मला आठवतं ते मामा तोंडावर पाणी मारताना. मी झाडाला टेकून बसलेलो. मला वाटलं डोळा मिटून उघडला असेल. मामा म्हणाला, अर्धा घंटा तू डोळे उघडे ठेवून बसला होता, हलवलं तरी बोलत नव्हता. ऊन लागलं असेल म्हणून मामीने कैरीचं पन्हं दिलं आणि मलाही तेच पटलं.

दुसऱ्या दिवशी मामाच्या फोनवर सरिताचा फोन आला. मी घेतला. कितीतरी वेळ ती नुसती रडत होती. मग म्हणाली, निलेशनं सारं सांगितलं, मी बिरसीले आली, तुम्ही नाही दिसले म्हणून मामाले फोन लावला, घर झाडून ठेवलं, तुम्ही घरी या. मी विचारलं, काय सांगितलं? तिला वाटलं मी लाजतोय. म्हणाली, “आता कायले लपवता? कोर्टात उभे रायले ना तुम्ही!”

मी फोन मामाच्या हातात दिला आणि कपडे भरायला घेतले. डोकं चालेनासं झालं होतं.

घरी जायच्या आधी गोंदियाला उतरून थेट निलेशकडे गेलो. मला वाटलं, बहिणीचा संसार सावरायला त्याने थाप मारली असेल. त्याला बाजूला घेऊन विचारलं, काल मी काय काय केलं ते सांग. तो हसायला लागला.

“भाऊजी, तुम्ही पिऊन आले होते का जी? अंगाले मोहाचा वास येऊन रायला होता. मी म्हटलं, घाबरून मारली असन थोडी.”

त्याच्या सांगण्याप्रमाणे मी बाराच्या थोडा आधी कोर्टातून बाहेर, त्याच्या टेबलाशी आलो. म्हणालो, साहेबांनी मुदतीचा अर्ज द्यायला सांगितलंय. त्याने टाइप करून दिला, पैसे घेतले नाहीत. मी त्याच्यासमोर सही केली. मग तो माझ्यासोबत आत आला आणि मागे उभा राहिला. साहेबांनी विचारलं, पैसे घेतले होते का? मी म्हणालो, घेतले. एकदम जमत नाही, थोडे थोडे देईन. पळून जाणार नाही.

मी विचारलं, अंगावर काय होतं? तो म्हणाला, हिरवा चौकड्यांचा शर्ट. गळ्याशी लाल बटण. तुमच्यासारख्या शौकिनानं असा कसा घातला म्हणून लक्षात राहिला.

निलेशने तो शर्ट कधी बघितलेला नाही. तो चिचगडला कधी आलेला नाही.

मग वकील लावून केसची फाइल बघितली. रोजनाम्यात त्या तारखेला स्वच्छ लिहिलेलं – प्रतिवादी स्वतः हजर, मुदतीचा अर्ज, मंजूर. अर्जावर सही माझी. माझी म्हणजे माझीच. घाईत मी ‘शो’चा काना वाकडा मारतो, तोसुद्धा. वकील म्हणाले, बरं झालं आलात, नाहीतर एकतर्फी निकाल झाला असता आणि जप्ती घरापर्यंत आली असती. कोर्टाच्या खोलीतून निघताना बेंच क्लार्क, पन्नाशीतला माणूस, मला बघून म्हणाला, पुढच्या तारखेले त्या वासानं येऊ नका बरं, साहेबांनी त्या दिवशी सोडलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मी कॅमेऱ्याचा माणूस, मला पुरावा लागतो. कोर्टाच्या व्हरांड्यात कॅमेरा आहे, मी वर बघितलाही. पण अर्जात लिहिणार काय? साहेब, मी त्या दिवशी इथे होतो की नाही ते बघायचं आहे?

पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. व्याज बरंच सोडलं, हप्ते बांधून दिले. अंगणात येणारी मोटरसायकल थांबली. मी प्रत्येक तारखेला गेलो, निलेशच्या टेबलासमोरून, मान वर करून. लग्नं पुन्हा मिळायला लागली आहेत. ड्रोन आता भाड्याने आणतो.

बाकी सगळे तर्क करून झाले. निलेशने दुसऱ्याला उभं केलं म्हणावं, तर शर्ट? मीच कसा तरी गेलो म्हणावं, तर नव्वद किलोमीटर अर्ध्या तासात, जाऊन येऊन? मामा खोटं बोलणारा नाही, आणि झाडाखालच्या त्या टोपलीतली फुलं संध्याकाळी मीच अंगणात वाळत घातली होती. एका डॉक्टर मित्राला विचारलं, तो म्हणाला, ताणामुळे माणसाला असं होतं. होत असेल. पण ताण मला होता, बेंच क्लार्कला नव्हता.

वर्ष होत आलं. पाहुणे आले की सरिता अजून सांगते, आमच्या ह्यांनी कोर्टात उभं राहून कबूल केलं, एका शब्दानं खोटं बोलले नाहीत. सांगताना माझ्याकडे बघते. मी चहा पितो.

त्या दिवशी तिथे कोण उभं होतं, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की मी उभा नव्हतो. मी जंगलात लपलो होतो. आणि ती परत आली ती त्या उभ्या राहिलेल्या माणसाकडे. हे तिला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.