भुवया ऐकू येत नाहीत

"पुन्हा म्हणा," फोनमधली, इंग्रजी शिकवणाऱ्या ॲपची बाई गोड आवाजात म्हणाली.

विणकामाच्या खोलीत सगळ्याजणी खाली माना घालून केतकीच्या पाती गुंफत होत्या. कान मात्र सिनिवाकडे. सिनिवाने ओठ हलवले. दारातल्या कोंबडीलासुद्धा ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

"पुन्हा म्हणा."

"ती बहिरी आहे, की तू मुकी?" नानिसीने विचारलं. नानिसी म्हणजे सिनिवाच्या नवऱ्याची थोरली बहीण. टोंगा बेटांवरच्या कुठल्याही घरात अशा नणंदेचा शब्द शेवटचा, आणि नानिसीचा तर अख्ख्या खोलीत.

"वन्सं, मोठ्याने बोलले की तुम्ही सगळ्या हसता."

"हसणारच! आमची सिनिवा मडम व्हायला निघालीय!"

हशा उसळला. सिनिवाने फोन चटईखाली सारला. इंग्रजी शब्द तिला कधीच जड गेले नव्हते. ते तोंडाबाहेर काढायचे म्हटलं की गाल तापायचे.

पण शिकणं भाग होतं. वादळाने घराचं छप्पर नेलं तेव्हापासून सगळं बिऱ्हाड नानिसीकडे. नवऱ्याची पाठ धरलेली. ऑस्ट्रेलियातल्या एका सफरचंदाच्या बागेत हंगामापुरती माणसं हवी होती. तिथला मुकादम ग्रेग फोनवर इंग्रजीत बोलणार आणि मगच घेणार. म्हणून सिनिवा रोज डुकरांना चारा घालायच्या निमित्ताने फोन घेऊन त्यांच्या कुंपणाकडे जायची. तिथे तिचा आवाज कसा खणखणीत लागायचा! फोनमधली बाई शाबासकीच्या चांदण्यांवर चांदण्या द्यायची.

ग्रेगचा फोन यायचा होता त्या दिवशी तिने केसांना खोबरेल लावलं आणि मोठ्या माणसापुढे जाताना बांधतात तशी कमरेला चटई बांधली.

"तो तुला बघणार आहे?" नानिसी म्हणाली.

"नाही. नुसता आवाज."

"मग चटई कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

ग्रेगने नाव विचारलं, गाव विचारलं. सिनिवाने अडखळत का होईना, सांगितलं. मग तो म्हणाला, "जड खोकी उचलाल?"

सिनिवाने भुवया उंचावल्या. टोंगात हो म्हणायची हीच रीत.

"उन्हात दिवसभर काम जमेल?"

भुवया आणखी वर.

"हॅलो? आहात ना?"

आता भुवया केसांना टेकायच्याच बाकी होत्या.

"लाइन खराब दिसतेय. बाकीच्यांशी बोलून परत फोन करतो." फोन बंद.

सिनिवा रडकुंडीला आली. "वन्सं, मी इतकं स्पष्ट हो म्हटलं हो!"

"कशाने म्हटलंस?"

सिनिवाचा हात कपाळाकडे गेला. खोली हसून नुसती फुटली. कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "फोनमधल्या मास्तरणीने एवढं शिकवलं, हे कसं नाही शिकवलं?"

"तिला मेलीला भुवया कुठायत!"

नानिसी मात्र हसली नाही. ती उठून सिनिवासमोर येऊन बसली. "डुकरांशी कशी ठणकावून बोलतेस? रोज ऐकते मी, कुंपणापलीकडून."

"डुकरं हसत नाहीत, वन्सं."

नानिसीने जवळची एक पात उचलली. मग मागे वळून म्हणाली, "ऐका गं. आता जी हसेल, तिने आपली चटई उचलायची आणि घरी जायचं." आणि सिनिवाला, "खोकी उचलशील?"

भुवया हलल्या. केतकीची पात सटकन गुडघ्यावर बसली.

"आवाज!"

"येस."

"ऊन सोसशील?"

"येस!"

फोन वाजला तेव्हा नानिसी पात उगारूनच बसली होती. ग्रेगने तेच विचारलं. भुवया सवयीने वर गेल्या, पात गुडघ्यावर आली, आणि सिनिवा एवढ्या जोरात "येस!" ओरडली की दारातली कोंबडी पंख फडफडवत पळाली.

ग्रेग हसला. पण हे हसणं तिला टोचलं नाही. "हे ऐकू आलं बरं का," तो म्हणाला. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आलं, पात न लागता. शेवटी तो म्हणाला, "या हंगामाला. वाट बघतो."

बायकांनी कल्ला केला. त्या गडबडीत नानिसीने फोन उचलला, घसा खाकरला आणि चर्चमध्ये गातात तसं मोठ्याने म्हणाली, "हॅलो!"

"पुन्हा म्हणा," फोनमधली बाई म्हणाली.

सिनिवाला हसू आवरेना.

"हसलीस? उचल चटई, जा घरी!"

"जाऊ, वन्सं?"

"जाशील गं," नानिसी फोनवर बोट फिरवत म्हणाली, "आधी घरावर छप्पर तर घाल."