ताईचं राहून गेलेलं चालणं

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मी बॉस्टनजवळ एमएस करत होतो आणि ताई-भावोजी सनीव्हेलला राहत होते. भावोजी चिप डिझाइनमध्ये, ताई गावातल्या लायब्ररीत. मार्चमधल्या एका सकाळी चहा गाळता गाळता ताई किचनमध्येच खाली बसली. "डोकं फार दुखतंय रे," एवढंच भावोजींना म्हणाली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी विमानाने पोचलो तेव्हा ती गेलेली होती.

सप्टेंबरमध्ये भावोजींचा फोन आला. त्यांनी आपणहून मला केलेला तो पहिलाच फोन असावा. एरवी फोनवर ताईच बोलायची आणि शेवटी "घे, यांच्याशी बोल" म्हणून रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायची. मग आम्ही एकमेकांना हवा कशी आहे ते विचारायचो.

"तुझ्या ताईने व्हरमाँटचं बुकिंग करून ठेवलंय, ऑक्टोबरचं," ते म्हणाले. "एका इनमधून, म्हणजे खेड्यातल्या छोट्या हॉटेलातून, दुसऱ्या इनपर्यंत दिवसभर चालत जायचं. सामान ते लोक गाडीने पुढे पोचवतात. कॅन्सल करायला फोन उचलला होता. पण मग कारण सांगावं लागलं असतं. तू येतोस का?"

चालणं हे ताईचं वेड. रविवारी ती एकटीच टेकड्यांवर भटकून यायची. भावोजी मात्र दुकानाच्या दाराशी पार्किंग मिळावं म्हणून तीन चकरा मारणारे. "यांना मी एकदा चालायला लावणारच आहे, बघ," असं ती मला म्हणायची.

पहिल्या दिवशी आम्ही जवळजवळ मुक्यानेच चाललो. वाट मेपलच्या रानातून जात होती. पानं लालभडक झाली होती आणि झाडांच्या बुंध्यांवर वाट दाखवणारे निळे पट्टे होते. भावोजींचे बूट कोरे करकरीत. दुपारपर्यंत त्यांच्या टाचांना फोड आले, तरी ते थांबायला तयार होईनात. संध्याकाळी पहिल्या इनमध्ये मांस शिजलं होतं. भावोजी शाकाहारी. उकडलेले बटाटे आणि पाव खाऊन ते खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. चिखल तुडवत आम्ही पोचलो ते इन म्हणजे एक जुनं पांढरं फार्महाऊस होतं. ते चालवणारी बाई साठीची, उंच, हाताला पीठ लागलेली. दारातच तिने आमच्या मागे डोकावून पाहिलं.

"आणि ती कुठे आहे?" तिने विचारलं. "मी केव्हाची तिची वाट बघतेय."

आम्हाला काही कळेना. मग तीच सांगू लागली. बुकिंगच्या वेळी ताईने फोनवर सांगितलं होतं की नवरा मांस खात नाही. ही बाई म्हणाली होती, मग मी त्याला काय वाढू? ताईने तिला फोनवरच वरण शिकवलं. डाळ किती शिजवायची, हळद केव्हा घालायची, जिरं तडतडलं की लगेच कसं उतरवायचं. "अर्धा तास बोलत होतो आम्ही. मी हसले की तीही हसायची. जिरं आणायला मी मुद्दाम मोठ्या गावात गेले. बरोबर जमलंय का, ते तिलाच विचारायचं होतं."

मी भावोजींकडे पाहिलं. ते बुटांची नाडी सोडायला खाली वाकले होते.

"तिला यायला जमलं नाही," ते खालूनच म्हणाले.

जेवताना तिने वाडग्यांतून वरण आणलं. पिवळंधमक होतं, पण जिरं करपलेलं आणि वर चमचाभर मेपल सिरप घातलेलं. मला दोन घासांपुढे जाईना. भावोजींनी एक वाडगा संपवला आणि दुसरा मागितला. बाई उभी राहून बघत होती.

"बरोबर जमलंय," ते म्हणाले. "अगदी तिच्यासारखं."

"मग तिला सांगा हं," ती म्हणाली.

"सांगतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. शेतांमधून जाताना एका दगडी बांधापाशी भावोजी थांबले, बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडू लागले. ताईच्या अंत्यसंस्कारातही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसला.

"मला ती दहाच वर्षं मिळाली," ते म्हणाले. "तुझ्याकडे जास्त आहेत. सांग ना, लहानपणी कशी होती?"

मग मी सांगत सुटलो. नागपुरात ती मला फुटाळा तलावापर्यंत पायी ओढत न्यायची आणि पाय दुखले म्हणालो की खिशातले फुटाणे एकेक करून द्यायची. पेरूच्या झाडावरून पडून फ्रॉक फाटला, तेव्हा तिने आईला सांगितलं की कुत्रं मागे लागलं होतं, आणि मलाही तसंच सांगायला लावलं. भावोजी मध्येच अडवून विचारायचे, फ्रॉक कोणत्या रंगाचा होता? कुत्र्याचं खरं वाटलं का आईला? उरलेले दिवस आम्ही असेच चाललो. शेवटच्या इनपाशी पोचलो तेव्हा माझ्याकडचं सांगण्यासारखं संपत आलं होतं. बस स्टॉपवर त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

पुढे त्यांनी पुन्हा लग्न केलं. मी आवर्जून गेलो. सगळ्यांना तेच हवं होतं, मलाही. मग फोन दिवाळीपुरते झाले, आणि नंतर एका दिवाळीला ते दोघांकडूनही राहून गेले.

त्या दशकाच्या अखेरीस कामासाठी कॅलिफोर्नियाला गेलो असताना मी त्यांच्या घरी गेलो. घर नवं होतं, बायको अगत्याची. भावोजींचे केस पिकले होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा त्यांच्या पायाला बिलगून माझ्याकडे बघत होता.

भावोजी "मा..." म्हणायला गेले आणि अडले. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काकांना हाय कर," ते म्हणाले.

"हाय, काका," मुलगा म्हणाला.