मंगळवारचे पेशंट

रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी मंगळवार उजाडला की सिस्टरचा पाय घरात ठरत नाही. दवाखान्यातली मागची खोली आठवते. पूर्वी तिथे मोडकी स्ट्रेचर पडलेली असायची. ती हलवून टेबलावर स्क्रीन आला, आणि चार तासांच्या वाटेवरच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई दर मंगळवारी त्यात दिसू लागल्या. काय दिवस होते ते. म्हातारी माणसं लग्नाला निघाल्यासारखी नटून यायची. रिटायर्ड मास्तर तर चक्क कोट घालून. नेट अडकलं की डॉक्टरीणबाई उघड्या तोंडानं तशाच थिजायच्या, आणि समोरचा पेशंट भिडेपोटी दुसरीकडे बघत बसायचा.

या भिडेपायीच सगळं घोडं पेंड खात होतं. कसं आहे विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, बरं आहे. एवढ्या लांबून बाई विचारतायत, त्यांच्यापुढे कसलं रडगाणं गायचं? सिस्टर बापडी तेच कागदावर उतरवायची.

एका मंगळवारी वरच्या ऑफिसातले साहेब तेच कागद घेऊन हजर झाले. सगळेच बरे असतील तर खोली हवी कशाला, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेर बंद. सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. बस दिवसातून एकच, आणि यातल्या निम्म्यांना बसची पायरीही चढवत नव्हती. तिनं बाहेर बाकापाशी जाऊन सांगितलं, आज खरं बोला, नाहीतर पुढच्या महिन्यापासून डॉक्टर नाही.

पहिला नंबर शिवणकाम करणाऱ्या मावशींचा. त्यांना साखरेचा आजार. साहेब भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं कसं आहे विचारलं. मावशींनी चष्मा काढून हातात घेतला.

"बरं नाही, बाई," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. बोटात सुई घुसली तरी कळत नाही. कापडाला रक्त लागलं की मग कळतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यापासून सांगा म्हणाल्या. पाच मिनिटांचा नंबर पाऊण तास चालला, पण बाहेर कुणी कुरकुरलं नाही. मग मास्तर आत आले आणि कोटाची बटणं काढून छातीत कुठे दुखतं ते दाखवू लागले. साहेबांनी खुर्ची ओढली, कोरे कागद मागितले आणि दुपारपर्यंत स्वतःच लिहीत बसले. खोली राहिली.

सगळीकडे सिस्टरचं कौतुक झालं. ते आठवलं की तिला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. डॉक्टरीणबाई चार तास लांब होत्या. ती तर दर मंगळवारी मावशींची बोटं हातात धरून साखर तपासायला टोचत होती, आणि त्या हूं की चूं करत नाहीत म्हणून सगळ्यांपुढे त्यांच्या सोशिकपणाचे गोडवे गात होती.